इरिया म्हणजे कोण? आपल्या गावच्या कारभाराची ओळख

(सिनेगॉगच्या सभागृहात मोत्साए शब्बाथला दिलेल्या व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणावरून)

 

मंडळाने मला आज बोलावयास सांगितले ते एका कागदामुळे. तीन आठवड्यांपूर्वी आपल्या सिनेगॉगच्या नावे इरियाकडून आर्नोनाची मागणी आली. प्रार्थनेच्या दालनावर तीत काही आकारणी नाही. परंतु ज्या सभागृहात आपण आता बसलो आहोत, जेथे मलिदा होतो, मेहंदी होते, बार मित्स्वाची जेवणे होतात, त्या सभागृहाला ‘समारंभगृह’ ठरवून त्यावर व्यापारी दराने कर बसविला आहे. रक्कम सूचनाफलकावर लावलेली आहे. ती वाचून पुष्कळांचे चेहरे उतरलेले मी पाहिले. एवढी रक्कम दरवर्षी भरावयाची झाली तर हाझानचे मानधन आणि विजेचे बिल यांपैकी एकाची तरी काटछाट करावी लागेल, असे खजिनदार म्हणतात आणि ते अतिशयोक्ती करणारे गृहस्थ नव्हेत.

त्या दिवसापासून मला एकच प्रश्न अनेकांनी विचारला: “हे ठरविले कोणी? मेयरने, मंत्र्याने, की एखाद्या कारकुनाने?” प्रश्न योग्य आहे. नेगेवमधील एका इरियाच्या करवसुली विभागात माझी सव्वीस वर्षे गेली, म्हणून त्याचे उत्तर देण्याचा अधिकार थोडाफार माझ्याकडे येतो. मात्र हे उत्तर एका वाक्यात संपणारे नाही. या छोट्याशा देशात गावाचा कारभार कोण चालवितो, पैसा कोठून येतो आणि वर कोणाचा अंकुश असतो, हे समजल्यावाचून त्या कागदाचा अर्थ लागत नाही.

आपल्यापैकी जे मुंबई, ठाणे किंवा अलिबागहून येथे आले त्यांच्या मनात महानगरपालिकेचे एक चित्र पक्के बसलेले असते. मुंबईचा कायदा १८८८ चा, इंग्रजांनी केलेला. येथील इरियांचा मूळ कायदा १९३४ चा, तोही इंग्रजांच्या मँडेट राजवटीतला; त्यामागे तुर्कांचा १८७७ चा कायदा होता. इस्रायल राज्याने १९६४ साली त्या जुन्या वटहुकुमाची नवी हिब्रू आवृत्ती काढली आणि तीच, असंख्य दुरुस्त्यांसह, आजही चालू आहे. तेव्हा दोन्ही ठिकाणची भावंडे एकाच घरातली म्हणावयास हरकत नाही. स्वभाव मात्र अगदी निराळे. मुंबईत सत्तेची किल्ली आयुक्ताच्या हाती असते आणि तो सरकारने नेमलेला अधिकारी असतो. आपल्या समाजाचे डॉ. एलिजा मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले, त्यांच्या नावाचा रस्ता महालक्ष्मीहून वरळीकडे जातो आणि त्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु तेथे महापौर हा सभेचा अध्यक्ष आणि शहराचा प्रथम नागरिक, प्रत्यक्ष हुकूम चालतो तो आयुक्ताचा. येथे याच्या उलट आहे. येथे ‘रोश हाइर’ हाच कारभाराचा प्रमुख. त्याच्या हाताखाली मन्काल, म्हणजे मुख्य व्यवस्थापक असतो, पण तो त्याने सुचविलेला आणि त्याला उत्तरदायी. म्हणून येथे लोक खड्ड्याची तक्रार घेऊन थेट मेयरच्या दारात उभे राहतात, आणि पुष्कळदा मेयर त्यांना नावाने ओळखतो.

देशभरात अशा स्थानिक संस्था अडीचशेहून अधिक आहेत. त्यांचे तीन प्रकार. मोठ्या गावाची ‘इरिया’. लहान गावाची ‘मोआत्सा मेकोमित’, म्हणजे स्थानिक परिषद. आणि खेड्यांच्या समूहाची ‘मोआत्सा अझोरित’, म्हणजे प्रादेशिक परिषद. दिमोना १९५५ साली वसले आणि १९६९ साली इरिया झाले. तेथून जवळच असलेले यरुहाम त्याच्याही आधी, १९५१ साली वसलेले, पण ते स्थानिक परिषदच राहिले. साधारणपणे वस्ती वीस हजारांच्या वर गेली की गाव इरियाचा दर्जा मागते. निर्णय मात्र मिस्राद हापनीमच्या, म्हणजे गृहखात्याच्या मंत्र्याचा. दर्जा बदलला म्हणून रस्ते आपोआप रुंद होत नाहीत, हे येथे नमूद करून पुढे जातो.

प्रादेशिक परिषदेची रचना थोडी समजून घेण्यासारखी आहे, कारण आपल्या ग्रामपंचायतीची आठवण तेथेच येते. आपले कोचीनी बांधव नेवातीम मोशावात राहतात. नेवातीमचा एक ‘वाअद मेकोमी’ आहे, म्हणजे गावातल्या गावात निवडलेली छोटी समिती. ती बाग, दिवे, गावातली स्वच्छता अशी जवळची कामे पाहते. तिच्या वर ‘बनेई शिमोन’ ही प्रादेशिक परिषद आहे आणि तीत आसपासच्या अनेक मोशावांचे व किबुत्सांचे प्रतिनिधी बसतात. शाळेची बस, कचऱ्याचे ट्रक, मोठे रस्ते ही कामे तिची. दोन मजल्यांचे हे घर शेतकरी वस्तीला मानवते. शहरात एकच मजला असतो.

आता निवडणुकीकडे वळू. मतदानाच्या दिवशी पडद्यामागे तुमच्या समोर दोन रंगांच्या चिठ्ठ्या असतात. पिवळी चिठ्ठी मेयरची, पांढरी परिषदेसाठी उभ्या असलेल्या यादीची. दोन्ही वेगवेगळ्या पाकिटांत जातात. मेयर व्हावयास पहिल्या फेरीत निदान ४० टक्के मते लागतात. कोणालाच तेवढी न मिळाल्यास पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. परिषदेच्या जागा मात्र यादीला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. जेरुसलेम आणि तेल अवीव येथे सभासद ३१ आहेत. लहान गावांत त्यांची संख्या वस्तीनुसार कमी कमी होत जाते. या निवडणुकीत मतदानाचे वय १७ वर्षे आहे, १८ नव्हे. आपल्या नातवंडांना हे सांगा. शिवाय क्नेसेटच्या निवडणुकीला नागरिकत्व लागते, गावच्या निवडणुकीला कायम रहिवासी असणे पुरते. नियमाप्रमाणे निवडणूक पाच वर्षांनी येते. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरची निवडणूक युद्धामुळे दोनदा पुढे ढकलावी लागली आणि शेवटी २७ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. गाझालगतच्या आणि उत्तर सीमेवरच्या ज्या गावांतील माणसे घरे सोडून गेली होती, तेथे ती आणखी काही महिन्यांनी घेतली गेली.

मेयरची निवड पूर्वीपासून अशी थेट नव्हती. आधी लोक फक्त यादीला मत देत आणि परिषद आपल्यातून मेयर निवडी. १९५५ साली गोल्डा मेयर तेल अवीवच्या मेयरपदासाठी पुढे आल्या, तेव्हा परिषदेतील धार्मिक पक्षाच्या सभासदांनी स्त्रीला मत देण्याचे नाकारले आणि ते पद त्यांच्या हातून गेले. चौदा वर्षांनी त्याच बाई देशाच्या पंतप्रधान झाल्या. एका-दोघांच्या रुसव्याफुगव्यावर सारे शहर टांगून राहावे, ही रीत अनेकांना खटकत होती. १९७५ साली कायदा बदलला आणि १९७८ च्या निवडणुकीत प्रथमच लोकांनी मेयर थेट निवडला. हा बदल चांगला झाला असे माझे मत आहे, जरी त्याने एक नवी अडचण निर्माण केली: मेयर एका पक्षाचा आणि परिषदेत बहुमत दुसऱ्यांचे, असे होऊ शकते. मग मेयरला याद्यांशी जुळवून घ्यावे लागते. उपमेयरपदे आणि समित्यांची अध्यक्षपदे वाटली जातात. वेळेत अंदाजपत्रक मंजूर झाले नाही तर गृहमंत्री परिषद बरखास्त करू शकतो, ही भीती शेवटी सर्वांना एका टेबलाशी आणते.

एक गोष्ट मुंबईकरांना फार चुकल्यासारखी वाटते. येथे वॉर्ड नाहीत. सारे गाव हाच एक मतदारसंघ. त्यामुळे “आमचा नगरसेवक” असा कोणी नसतो, ज्याच्या दारी जाऊन नळाचे पाणी का येत नाही ते विचारावे. मग लोक आपापल्या समाजाच्या माणसाकडे जातात: मोरोक्कोवाले मोरोक्कोवाल्याकडे, रशियन रशियनाकडे, गुर्जी गुर्जीकडे. आपला समाज लहान. त्यामुळे निवडणुकीच्या आधी चार यादीवाले येथे येऊन आपल्या हातचा चहा पितात, गुलाबजाम खातात, यादीत सतराव्या क्रमांकाची जागा देऊ करतात आणि जातात. सतरावा क्रमांक म्हणजे फोटोत उभे राहण्याची जागा. निवडून यावयाचे असेल तर पहिल्या तिघा-चौघांत नाव पाहिजे, हे आपण ठणकावून सांगावयास शिकले पाहिजे. परिषदेचे सभासद बिनपगारी असतात, पगार मेयर व काही उपमेयर यांनाच. तेव्हा मोहापायी कोणी धावेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

मग इरिया काय काय करते? कचरा, रस्ते, पदपथ, दिवे, बागा, वाचनालय, बाजाराची शिस्त, व्यवसायांचे परवाने ही कामे सर्वस्वी तिची. शिक्षण आणि समाजकल्याण ही कामे ती राज्याच्या भागीदारीत करते. प्राथमिक शिक्षकाचा पगार राज्य देते; शाळेची इमारत, बालवाडीतील मदतनीस, रंगरंगोटी, दुरुस्ती इरियाची. समाजकल्याणाच्या खर्चात ७५ टक्के राज्याचे आणि २५ टक्के गावाचे असतात. या हिशेबात एक क्रूर विनोद दडला आहे. गरीब गावात गरजू अधिक, म्हणून आपला पाव हिस्सा उभा करणे त्याच गावाला सर्वांत जड जाते आणि तो उभा राहिला नाही तर राज्याचे पाऊण रुपयेही पुरते येत नाहीत.

पोलीस इरियाचे नाहीत. दवाखाने कुपात खोलीमचे. अग्निशमन दल पूर्वी गावांच्या संघाचे होते, आता ते राष्ट्रीय झाले आहे. पाणी आणि मलनिस्सारण बहुतेक ठिकाणी २००१ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या स्वतंत्र महामंडळांकडे गेले आहे; म्हणून पाण्याच्या बिलाची तक्रार घेऊन इरियाच्या खिडकीशी भांडण्यात अर्थ नाही, तो बिचारा कारकून काही करू शकत नाही. मी स्वतः त्या खिडकीमागे पुष्कळ ऐकून घेतले आहे. रस्त्यावरचा दिवा, तुटलेले गटाराचे झाकण, मेलेली मांजर, यांसाठी १०६ हा क्रमांक फिरवावा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यावा. विवाहनोंदणी, मिकवे, काश्रुत ही कामे ‘मोआत्सा दातीत’ पाहते. ती इरियाहून निराळी संस्था असून तिच्यावरील नेमणुकांत मंत्री, गावची परिषद आणि स्थानिक रब्बी या तिघांचा वाटा असतो.

आता पैसा. गावाचे स्वतःचे मुख्य उत्पन्न म्हणजे आर्नोना. हा कर घराच्या किमतीवर बसत नाही. तो चौरस मीटरवर, विभागावर आणि मुख्य म्हणजे वापरावर बसतो. राहत्या घराचा दर कमी, दुकानाचा व कचेरीचा पुष्कळ अधिक, बँकेचा त्याहूनही अधिक. तो भरावयाचा असतो तो घरमालकाने नव्हे, तर जो जागा प्रत्यक्ष वापरतो त्याने. म्हणून भाड्याचे घर सोडताना इरियाला लेखी कळविले पाहिजे. ते कळविले नाही तर नवा भाडेकरू आत राहतो आणि बिल जुन्याच्या नावाने वाढत जाते. दर ठरवावयाचे स्वातंत्र्यही इरियाला पुरते नाही. दरवर्षी महागाई आणि सरकारी पगार यांवर आधारलेल्या सूत्राने ते वाढतात; त्याहून अधिक वाढ हवी असेल तर गृह आणि अर्थ या दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांची संमती लागते.

आता आपल्या ध्यानात येईल की प्रत्येक गावाला वस्तीपेक्षा कारखाने आणि दुकाने का प्रिय असतात. एक नवे कुटुंब आले की बालवाडी, शाळा, कचरा यांचा खर्च त्याच्या आर्नोनाहून अधिक. एक कारखाना आला की खर्च थोडा आणि उत्पन्न भरघोस. याचे ढळढळीत उदाहरण आपल्या दारातच आहे. मृत समुद्राकाठी तामार ही प्रादेशिक परिषद आहे. तिची वस्ती दोन हजारांच्याही आत, पण सदोमचे मोठे रासायनिक कारखाने आणि एन बोकेकची हॉटेले तिच्या हद्दीत. शेजारच्या दिमोना, यरुहाम आणि अरद येथील माणसे त्या कारखान्यांत आयुष्यभर घाम गाळीत आणि कर मात्र तामारकडे जात असे. वर्षानुवर्षांच्या भांडणानंतर गृहखात्याने त्यातील काही वाटा शेजारच्या गावांकडे वळविला. नकाशावर एक रेघ कोठे ओढली गेली, त्यावर एका गावातल्या मुलांच्या शाळेची दशा अवलंबून राहिली! ज्यांच्या वाट्याला कारखाना आला नाही त्यांना राज्य ‘मानाक इझून’, म्हणजे तोल सांभाळण्याचे अनुदान देते. पण अनुदान ही मागून घ्यावयाची गोष्ट. मागणाऱ्याचा आवाज खालीच असतो.

अंकुशाविषयी थोडक्यात सांगतो. देशाचे सहा जिल्हे आहेत आणि प्रत्येकावर गृहखात्याचा एक जिल्हाधिकारी असतो. बहुतेक इरियांचे अंदाजपत्रक त्याच्या मंजुरीवाचून चालत नाही. गाव कर्जात बुडाले तर आधी खात्याचा एक हिशेबनीस सोबतीस येऊन बसतो आणि त्याच्या सहीवाचून धनादेश निघत नाही. तेवढ्यानेही भागले नाही तर निवडलेली परिषद दूर करून ‘वाअदा क्रुआ’, म्हणजे नेमलेली समिती आणतात. यरुहामच्या लोकांनी हे पाहिले आहे. २००५ साली तेथे अम्राम मित्झना यांना नेमले. हैफाचे माजी मेयर आणि एकेकाळचे पंतप्रधानपदाचे उमेदवार, असा मनुष्य वाळवंटातल्या छोट्या गावी येऊन पाच वर्षे राहिला. गाव सावरले, २०१० साली पुन्हा निवडणूक झाली. लोदमध्येही असेच नेमणुकीचे राज्य होते आणि २०१३ साली तेथे पुन्हा निवडलेला मेयर आला. नेमलेला माणूस चांगला निघाला तर गावाचे भाग्य. परंतु त्याला काढण्याची ताकद गावाकडे नसते, हे विसरता कामा नये.

आता आपल्या कागदाकडे येतो. तो मेयरने लिहिलेला नाही आणि मंत्र्यानेही नाही. दर परिषदेने ठरविले. कोणत्या जागेला कोणता दर लागू, हे ‘मेनाहेल आर्नोना’ या अधिकाऱ्याने ठरविले. कायद्याने त्याला ते स्वतःच्या विचाराने ठरवावे लागते. म्हणून मेयरच्या ओळखीने हे काम करून घेऊ, असे जे दोघे-तिघे म्हणत आहेत त्यांना मी हात जोडून सांगतो की तसे करू नका. मेयर सहानुभूतीचे चार शब्द बोलेल, आपण निश्चिंत होऊ आणि मुदत निघून जाईल.

मुदत ९० दिवसांची आहे. मागणी हाती आल्यापासून तेवढ्या अवधीत ‘हसागा’, म्हणजे लेखी हरकत, मेनाहेल आर्नोनाकडे गेली पाहिजे. जागेचे मोजमाप चुकले, विभाग चुकला, वापराचा प्रकार चुकला किंवा जागा आपल्या ताब्यात नाही, असे मुद्दे तीत घेता येतात. त्याने ६० दिवसांत उत्तर दिले पाहिजे. न दिल्यास हरकत मान्य झाली असे कायदा धरतो. उत्तर विरुद्ध गेले तर ३० दिवसांत अपील समितीकडे जाता येते. प्रार्थनास्थळाला मिळणारी सूट हा निराळा विषय आहे. ती मँडेटच्या काळातील १९३८ च्या वटहुकुमाखाली मिळते आणि तिचा अर्ज पुराव्यासह वेगळा करावा लागतो. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात कोंबल्या तर एकीला उत्तर मिळते आणि दुसरी फायलीत निजते.

आणि येथे एक कटू गोष्ट बोलावी लागेल. गेल्या वर्षी हे सभागृह दोन वेळा बाहेरच्या मंडळींना पैसे घेऊन दिले गेले. त्यामागचा हेतू शुद्ध होता, छप्पर गळत होते. परंतु भाडे घेऊन जागा देणे हीच गोष्ट ‘समारंभगृह’ या शब्दाला आधार देते. सूट प्रार्थनेसाठी आहे, धंद्यासाठी नाही. शिवाय ही जमीन इरियाने सार्वजनिक कामासाठी आपल्याला वापरावयास दिलेली आहे, तिच्या करारात व्यापारी वापराची मनाई असावयाची शक्यता मोठी. माझे स्पष्ट मत असे की निकाल लागेपर्यंत बाहेरच्यांना सभागृह देणे बंद ठेवावे. मलिदा, शिवा, मुलांचा तोरावर्ग हे सारे समाजाचे धार्मिक जीवनच आहे आणि ते तसे मांडता येईल. पण ते मांडताना आपल्या वहीत भाड्याच्या पावत्या असता कामा नयेत. यावर मंडळात मतभेद आहेत हे मला ठाऊक आहे. मतभेद असोत, पण निर्णय लवकर व्हावा.

घरच्या आर्नोनाबद्दल ज्येष्ठ मंडळींनी थांबून मला अवश्य भेटावे. बित्तुआख लेउमीकडून वृद्धवेतन घेणाऱ्यांना १०० चौरस मीटरपर्यंत २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. उत्पन्नपूरक भत्ता घेणाऱ्यांना त्याहून पुष्कळ अधिक, कित्येकदा संपूर्ण. भारतातून नव्याने आलेल्या ओलींना पहिल्या २४ महिन्यांपैकी १२ महिने ९० टक्क्यांपर्यंत सूट आहे. कित्येक ठिकाणी ती अर्ज केल्यावाचून मिळत नाही. मागच्या हिवाळ्यात एका मावशीची बिले पाहिली. वृद्धवेतन सुरू होऊन चार वर्षे झाली तरी त्या पूर्ण रक्कम भरीत होत्या, कारण बिलावरचा बारीक हिब्रू मजकूर त्यांना वाचून दाखवावयास घरी कोणी नव्हते.

हसागेचा मसुदा मी तयार करीन. ९० दिवसांपैकी २३ गेले आहेत. मंगळवारी सायंकाळी मिन्हाच्या आधी सभागृहाचे मोजमाप घ्यावयाचे आहे. फीत धरावयास दोन तरुण पाहिजेत, कारण मागणीत जे क्षेत्रफळ लिहिले आहे त्यात मागचे उघडे अंगणही धरले असावे असा मला संशय आहे. ज्यांच्या घरी सिनेगॉगच्या बांधकामाचे जुने नकाशे, जमिनीचा करारनामा किंवा कोनशिला बसविली त्या दिवसाचे फोटो असतील त्यांनी ते त्याआधी चिटणिसांकडे पोचते करावे. मूळ प्रत देऊ नका, झेरॉक्स द्या.